ताटातली डाळ आणि दुपारी चारची भूक

आमच्या सरकारी रुग्णालयात सोमवारी मेडिसिनच्या ओपीडीला दीडशेच्या आसपास केसपेपर येतात. निम्म्यांवर मधुमेह नाहीतर रक्तदाब लिहिलेला असतो. एका रुग्णाला तीन मिनिटं मिळाली तर नशीब. त्या तीन मिनिटांत आहाराबद्दल बोलायला जे अर्धं मिनिट उरतं, त्यात मी गेली पंचवीस वर्षं एकच वाक्य म्हणत आले आहे : ‘भात कमी करा, साखर बंद करा, तोंडावर ताबा ठेवा.’ हे वाक्य इतकं तोंडात बसलं होतं की, ते म्हणताना मान वर करून समोर बघायचीही गरज वाटत नसे.

मागच्या वर्षी एका ताईंनी ते वाक्य मला परत केलं. वय शेहेचाळीस, घरी शिवणकाम, वजन ६८ किलो, उंची बेताची. चार वर्षांपासून साखरेच्या गोळ्या चालू. वजन हलत नव्हतं आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा चढत होता. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, भात सोडला. चहातली साखर सोडली. पण दुपारचे चार वाजले की पोटात खड्डा पडतो. मशीनवर लक्ष लागत नाही. मग खारी, शेव-कुरमुरे, जे हाताला लागेल ते खाते. ताबा ठेवा म्हणता, तो आणू कुठून तेवढं सांगा.’’

त्या दिवशी सोबतीला दोन इंटर्न होते, म्हणून मला दहा मिनिटं काढता आली. दिवसभरात काय काय खाता ते विचारलं. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. अकराला दोन पोळ्या, बटाट्याची किंवा दुधीची भाजी. दुपारी दोनला पुन्हा एक पोळी, लोणचं. चारला चहा आणि तो खाऊ. रात्री दोन पोळ्या, भाजी आणि आमटी. ‘‘आमटीला डाळ किती घेता?’’ ‘‘पाच माणसांत एक वाटी होत नाही. डाळीचा भाव बघा ना.’’ केसपेपरच्या मागच्या बाजूला मी ढोबळ हिशेब मांडला. दिवसाला साधारण १८०० कॅलरी पोटात जात होत्या. त्यात प्रथिनं जेमतेम ४० ग्रॅम. म्हणजे एकूण ऊर्जेच्या नऊ टक्के. माझ्या सल्ल्याप्रमाणे भात गेला होता, पण त्याच्या जागी काय यावं हे मी कधी सांगितलंच नव्हतं. ती जागा खारीने भरून काढली होती.

या हिशेबाचा आणि चारच्या भुकेचा काय संबंध, हे समजून घ्यायला थोडं लांबून यावं लागेल. टोळांकडून.

२०२० च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरकडच्या शेतकऱ्यांनी टोळधाड डोळ्यांनी पाहिली. टोळ म्हणजे खादाडपणाचा कळस, असा आपला समज. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डमध्ये स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड रॉबेनहायमर या दोन शास्त्रज्ञांनी या खादाडांच्या जेवणाचं काटेकोर मोजमाप केलं. प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ यांचं प्रमाण बदलून त्यांनी पंचवीस प्रकारचं खाद्य तयार केलं आणि टोळांना हवं तितकं खाऊ दिलं. कुठला टोळ किती खातो, हे प्रथिनांवर ठरत होतं. खाद्यात प्रथिनं भरपूर असली तर टोळ थोडं खाऊन थांबत. प्रथिनं कमी आणि पिष्ट जास्त असलं तर प्रथिनांचा ठरलेला कोटा भरेपर्यंत ते खातच राहत आणि त्या नादात नको तितकी ऊर्जा पोटात जाऊन लठ्ठ होत. म्हणजे टोळाला आपण समजतो तशी नुसती भूक नसते. त्याला प्रथिनांची वेगळी भूक असते आणि तिचा आवाज इतर भुकांपेक्षा मोठा असतो.

अमेरिकेच्या पश्चिम भागात मॉर्मन क्रिकेट नावाचे, उडता न येणारे किडे लाखोंच्या झुंडीने रस्ते ओलांडत चालत निघतात. त्यांच्यावरचं संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. झुंडीच्या वाटेवर वेगवेगळं खाद्य ठेवलं, तर हे किडे प्रथिनांच्या आणि मिठाच्या वाटीवर तुटून पडले. आणि झुंडीत प्रथिनांचा सर्वांत जवळचा साठा म्हणजे पुढे चालणारा भाऊबंद. जो थांबला, त्याला मागचा खातो. म्हणून सगळे चालत राहतात. प्रथिनांची भूक काय करायला लावते, याचं इतकं भयंकर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

माणूस टोळ नाही, हे मान्य. पण २००५ मध्ये याच दोघांनी माणसाबद्दलही हाच अंदाज मांडला. इंग्रजीत त्याला ‘प्रोटीन लिव्हरेज’ म्हणतात. लिव्हरेज म्हणजे तरफेचा जोर. तरफेच्या एका टोकाला लहानसा दाब दिला की दुसऱ्या टोकाचा मोठा धोंडा हलतो. आहारात प्रथिनांचा वाटा सगळ्यात लहान, पण तो दोन-चार टक्क्यांनी खाली आला की एकूण खाणं बरंच वर जातं. आकडेमोड आपणच करून पाहू. समजा, एखाद्या शरीराला दिवसाला ४५ ग्रॅम प्रथिनं हवी आहेत. त्यांची ऊर्जा १८० कॅलरी. ताटात प्रथिनांचा वाटा १२ टक्के असेल तर १५०० कॅलरींत कोटा पूर्ण होतो. वाटा ९ टक्के असेल तर तोच कोटा भरायला २००० कॅलरी खाव्या लागतात. रोजच्या ५०० कॅलरी वरचढ, तीन टक्क्यांच्या फरकापायी!

हे कागदावरचं गणित झालं. माणसं खरंच तशी वागतात का? सिडनीमध्ये २२ सडपातळ, निरोगी लोकांना चार-चार दिवस प्रयोगशाळेत ठेवून हे तपासलं गेलं. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दिसायला आणि चवीला सारखेच पदार्थ, पण आत प्रथिनांचं प्रमाण कधी १०, कधी १५, कधी २५ टक्के. खाणाऱ्याला फरक कळू नये अशी व्यवस्था. प्रथिनं १५ वरून १० टक्क्यांवर आणली, तेव्हा लोकांनी १२ टक्के जास्त ऊर्जा खाल्ली. हे जास्तीचं खाणं कुठून आलं? जेवणातून नव्हे. त्यातलं बहुतेक आलं दोन जेवणांच्या मधल्या खाण्यातून, आणि तेही गोडापेक्षा खाऱ्या-तिखट चवीच्या पदार्थांतून. हे वाचताना मला आमच्या ताईंचे शेव-कुरमुरे डोळ्यांसमोर आले. खाऱ्या-तिखट चवीमागे आपली जीभ बहुधा प्रथिनं शोधत असावी, असं या संशोधकांना वाटतं. निसर्गात ती चव मांसात, शिजवलेल्या डाळीत असते. कारखान्यातला वेफर ती चव देतो, प्रथिनं देत नाही. जीभ फसते, पण शरीराचा हिशेब चुकत नाही, म्हणून ते पुन्हा मागतं.

आपल्याकडे उपवासाच्या दिवशी ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून एकमेकांची थट्टा करतात. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य. खिचडीची थोडीफार लाज राखतो तो शेंगदाण्याचा कूट. दुप्पट खाण्याचं सगळं खापर मी प्रथिनांवर फोडणार नाही. तूप, बटाटा आणि चव यांचाही त्यात हात आहेच. पण साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन तासांत पुन्हा भूक लागते, याचं कारण तुमच्या भक्तीत शोधू नका.

पोटात गेलेली प्रथिनं भूक कशी शमवतात, याची यंत्रणाही बऱ्यापैकी समजली आहे. ती आतड्यात पोचली की तिथल्या पेशी काही संप्रेरकं सोडतात. त्यांतलं एक जीएलपी-१. हे नाव आता वर्तमानपत्राच्या वाचकांना ओळखीचं असेल. वजन कमी करणारी जी महागडी इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्याकडे मोठ्या गाजावाजाने आली, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. इंजेक्शनाचा जोर अनेक पटींनी जास्त असतो, हे खरं. मूठभर चणे त्याची बरोबरी करणार नाहीत. पण दिशा तीच. उलट प्रथिनं कमी पडत आहेत असं दिसलं की यकृत एफजीएफ-२१ नावाचं दुसरं संप्रेरक वाढवतं आणि ते मेंदूपर्यंत निरोप पोचवतं. शिवाय पचनाचा खर्च असतो. शंभर कॅलरींची प्रथिनं पचवायला आणि शरीरात मुरवायला वीस ते तीस कॅलरी खर्ची पडतात. पिष्टमय पदार्थांना पाच ते दहा, तेल-तुपाला तीनच्या आत.

चयापचयाबद्दलचा एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना हटकून सांगते, कारण तो वजनकाट्यावरचा विश्वास उडवतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २५ तरुण स्वयंसेवकांना आठ आठवडे मुद्दाम जास्त खायला घातलं. गरजेपेक्षा रोज साडेनऊशेच्या आसपास कॅलरी जास्त. एका गटाला त्यातली फक्त ५ टक्के ऊर्जा प्रथिनांतून, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला २५. २०१२ मध्ये निकाल आले. कमी प्रथिनं खाणाऱ्यांचं वजन वाढलं ३ किलोंच्या आसपास आणि उरलेल्या दोन गटांचं ६ किलोंच्या वर. नुसतं एवढंच वाचलं तर कमी प्रथिनंच बरी म्हणायची! पण अंगावर चढलेली चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच होती. फरक स्नायू वगैरे चरबीविरहित भागाचा होता. पुरेशी प्रथिनं मिळालेल्या गटांत तो तीनेक किलोंनी वाढला. कमी प्रथिनांच्या गटात माणसं भरमसाट खात असतानाही तो पाऊण किलोच्या आसपास घटला. भरल्या ताटावर बसून शरीर आतून झिजत होतं आणि काटा त्याला ‘कमी वजनवाढ’ म्हणत होता.

आपल्या लोकांसाठी हा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एकाच पानात मावणारी एक गोष्ट छापली होती. दोघांचा एकत्र फोटो. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगकाठी बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, हा भारतीय साचा याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांत नवजात बाळांपासून दाखवून दिला आहे. ‘मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?’ असं विचारणारे रुग्ण मला आठवड्याला दोन-तीन भेटतात. जेवणातली साखर साठवणारं मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते कोठारच लहान असेल तर साखर रक्तात फिरणार. आणि स्नायूला लागतात दोन गोष्टी : काम आणि प्रथिनं. आपल्याकडे दोन्हींची वानवा.

इथे एखादा जाणकार वाचक मला अडवेल. डॉक्टर, हे प्रथिनांचं पुराण आम्ही पन्नास वर्षांपूर्वीही ऐकलंय, आणि तेव्हा ते आपल्याच माणसाने खोडून काढलं होतं. बरोबर आहे. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगावर प्रथिनांचं संकट येत असल्याचा अहवाल काढला. गरीब देशांतल्या मुलांसाठी प्रथिनांच्या भुकट्या, माशांचं पीठ, काय काय योजना निघाल्या. तेव्हा जागतिक अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचं काम पाहिलेले आपले पां. वा. सुखात्मे यांनी आकडे मांडून सांगितलं की, भारतीय गरिबाचा प्रश्न मुळात पोटभर अन्नाचा आहे. भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनं आपोआप पुरतात. पोट अर्धं असेल तर दिलेली प्रथिनंही शरीर सरपण म्हणून जाळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांचंही म्हणणं त्याच दिशेचं होतं. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ने या सगळ्या प्रकरणाला महाघोटाळा ठरवणारा डोनाल्ड मॅक्लारेन यांचा लेख छापला.

सुखात्मे बरोबर होते, असं मी आजही म्हणते. बदललं आहे ते त्यांच्या वाक्यातलं ‘पोटभर’. माझे आजोबा सातारा जिल्ह्यात शेती करायचे. नांगर, मोट, पायी बाजार. त्यांना दिवसाला ३००० कॅलरी सहज लागत असतील. ज्वारीची भाकरी, पातळ आमटी, हुलगे, कधीमधी अंडं, अशा ताटात प्रथिनांचा वाटा १० टक्के धरला तरी त्यांना ७५ ग्रॅम मिळत. आजोबांचा नातू, म्हणजे माझा भाऊ, बँकेत खुर्चीवर बसतो. त्याची गरज १६००-१७०० कॅलरी. तेच दहा टक्के प्रथिनांचं ताट त्याला ४० ग्रॅमच्या आसपास देतं. ताट तेच आणि टक्केवारीही तीच राहिली, माणूस मात्र खुर्चीवर बसला. कोटा भरायचा तर त्याला आजोबांइतकं खावं लागेल, आणि तो बऱ्याचदा तसं खातोही. मधल्या वेळचे वडापाव, बिस्किटं, फरसाण धरून. शिवाय आजोबांच्या ताटातल्या ज्वारीची जागा मैद्याने आणि हुलग्यांची जागा बटाट्याने घेतली, म्हणजे टक्केवारीही तीच राहिली असं म्हणवत नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीने २०२३ मध्ये देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचं सांगितलं. त्याच पाहणीतला आहाराचा भाग २०२५ मध्ये आला. आपल्या रोजच्या ऊर्जेतला ६२ टक्के भाग पिष्टमय पदार्थांतून येतो आणि प्रथिनांतून सरासरी १२ टक्के. पिष्टातली फक्त ५ टक्के ऊर्जा डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांकडे वळवली तर मधुमेहाचा धोका कमी दिसतो, असं गणित त्यात आहे. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. तिच्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, एवढं भान ठेवायचं. पण सिडनीतून, लुइझियानातून आणि चेन्नईतून आलेली बोटं एकाच दिशेला दाखवत असतील तर तिकडे बघायला हवं.

आता या संशोधनाची दुबळी बाजू. सिडनीचा प्रयोग चार दिवसांचा होता. त्यात प्रथिनं १५ वरून २५ टक्के केल्यावर खाणं कमी झालं नाही. म्हणजे कमतरता असेल तिथे तरफ जोर करते, पुरेसं असताना आणखी ओतून फारसं हाती लागत नाही. सिएटलला झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात ३० टक्के प्रथिनांवर १९ लोकांचं खाणं रोज ४४१ कॅलरींनी आपोआप घटलं आणि बारा आठवड्यांत सरासरी ४.९ किलो वजन उतरलं. पण तिथे स्निग्ध पदार्थही कमी केले होते आणि ३० टक्के प्रथिनं म्हणजे आपल्या घरात जवळजवळ अशक्य. अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं, घरगुती पद्धतीचं अन्न दिलं. तयार अन्नावर लोक रोज ५०० कॅलरी जास्त खात होते. गंमत म्हणजे, प्रथिनं मात्र दोन्हीकडे सारखीच खाल्ली. जास्तीचं सगळं पिष्ट आणि चरबी. इथे तरफेचा काही वाटा नक्की दिसतो. पण तयार अन्न मऊ असतं, भराभर गिळलं जातं, हेही त्यात आहे. भूक एका दोरीने बांधलेली नसते. जागरण, ताण, सवय, समोर ठेवलेली बशी, सगळे तिला ओढतात. ‘प्रोटीन खा, वजन घटवा’ असं ज्याला विकायचं आहे त्याने विकावं, मला तसं छातीठोक म्हणता येत नाही.

विकणारे आहेतच. बिस्किटावर ‘प्रोटीन’, चिप्सवर ‘प्रोटीन’, कुल्फीवरही पाहिलं परवा. आमच्याकडे एक अठरा वर्षांचा मुलगा आला. वडील हमाली करतात आणि पोरगा महिन्याला अडीच हजारांचा डबा आणतो, जिममधल्या दादाने सांगितला म्हणून. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या घेऊ नका असं स्पष्ट लिहिलं आहे. त्या पैशात त्या घरातल्या पाचही जणांना महिनाभर रोज एक-दोन अंडी किंवा मूठ-मूठ भाजके चणे मिळाले असते. मुलाला मी हेच सांगितलं. त्याला पटलं नाही. वडिलांना पटलं.

प्रौढ माणसाची गरज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ताईंच्या उंचीला योग्य वजन ५५ किलो धरलं तर ४५-४६ ग्रॅम. पाच-सहा ग्रॅमची तूट, ऐकायला काहीच नाही. एक अंडं सहा ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेल्या चण्यांत सहा ग्रॅम, तेवढ्याच शेंगदाण्यांत सात. पिठलं करताना माणशी ४० ग्रॅम बेसन घेतलं तर आठ-नऊ. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्मी प्रथिनं. मटकीची उसळ, हुलग्यांचं माडगं, खानदेशातली कळण्याची भाकरी, कोकणातली कुळथाची पिठी, सुकट-बोंबील. आपल्या जुन्या स्वयंपाकात याची वाण नव्हती. आम्ही डॉक्टरांनी सांगताना ‘काय सोडा’ याचीच यादी दिली. साठीच्या पुढच्या माणसांकडे तर विशेष लक्ष द्यावं लागतं. दात गेले, एकटं राहणं आलं की जेवण चहा-बिस्किटांवर येतं आणि मग खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. तो सांधा नसतो नेहमी, मांडीचा स्नायू गेलेला असतो. मात्र ज्यांच्या मूत्रपिंडाचं काम मंदावलं आहे, क्रिॲटिनिन वाढलेलं आहे, त्यांनी हा लेख वाचून डाळ-अंडी वाढवू नयेत. मधुमेह जुना असेल तर आधी ती तपासणी करून घ्यावी आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं.

पण ताईंनी मला डाळीचा भाव विचारला होता, त्याचं उत्तर केसपेपरवर लिहिता येत नाही. २०२३ च्या जानेवारीपासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं. हे धान्य म्हणजे गहू-तांदूळ. उपाशी देशासाठी ती व्यवस्था उभी राहिली आणि तिने लाखो जीव जगवले, यात वाद नाही. पण आज तीच व्यवस्था ताटातलं स्वस्त पिष्ट आणखी स्वस्त करते आणि डाळ बाजारावर सोडते. तूर पिकते आपल्या मराठवाडा-विदर्भात, तिचा मोठा बाजार लातूरला, आणि तुरीचा भाव वाढला की आमटी पातळ होते तीही तिथल्याच मजुराच्या घरी. दरमहा माणशी एक किलो डाळ रेशनवर नियमित मिळावी, सणासुदीची भेट म्हणून नव्हे, एवढी मागणी डॉक्टरांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. इंजेक्शनांच्या परिषदांना आम्ही जातो, या मागणीसाठी एक पत्र पाठवल्याचं मला आठवत नाही.

आणि शाळेतलं अंडं. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. २०२५ च्या जानेवारीत त्या अंड्यासाठीचा निधी बंद केला, लोकवर्गणीतून द्यायचं तर द्या म्हणून सांगितलं. केळं चांगलंच, पण त्यात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना उसळ, दूध, चिक्की द्या. त्यावरून भांडायचं कारण नाही. वाढीच्या वयात स्नायूंचं कोठार बांधायचं राहून गेलं तर चाळिशीत ते मूल माझ्याच ओपीडीच्या रांगेत उभं राहणार आहे. एका अंड्याला सात-आठ रुपये पडतात. मधुमेहाच्या एका पायाच्या ऑपरेशनला काय पडतं, हे सरकारच्याच रुग्णालयातल्या बिलांवरून काढता येईल.

ताईंना मी तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या. सकाळच्या टोस्टऐवजी एक अंडं किंवा बेसनाचं धिरडं, आणि दुपारी दोनच्या पोळीबरोबर लोणच्याऐवजी उसळ. आमटीत डाळ थोडी वाढवा, पोळी एक कमी करा, आणि थोडासा भात हवा तर खा. तीन महिन्यांनी त्या आल्या. वजन दोन किलोंनीच कमी झालं होतं, साखरेचा आकडा थोडा उतरला होता. गोळ्याही मी मधे बदलल्या होत्या, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगता येणार नाही. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नसतं, हे मी इंटर्नना रोज बजावते.

‘‘चारची भूक?’’ मी विचारलं.

‘‘लागते कधी कधी. पण पहिल्यासारखी मागे लागत नाही,’’ त्या म्हणाल्या. मग पिशवीतून एक वही काढली. मुलगी सातव्यात आहे, सकाळची शाळा, डब्यात रोज जाम-चपाती मागते. तिच्या डब्याचं काय करायचं ते लिहून द्या म्हणाल्या. मागे रांगेत चाळीसेक माणसं होती. मी वही घेतली.